सायगावची खानावळ आणि माझं वायलं ताट

टीबी झालेल्या माणसाला सल्ला द्यायला गावभर माणसं असतात, शेजारी जेवायला बसायला मात्र कोणी नसतं. मी हे त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहितो आहे. सल्ल्यासाठी तुमच्या घरी माणसं आहेतच.

माझं दुखणं बरं होऊन आता चार वर्षं झाली. मी पुन्हा एसटीवर कंडक्टर आहे. कर्जत, खोपोली, खालापूर, रसायनी हाच माझा रस्ता. परवा एका खोकणाऱ्या उतारूने तिकीट घेता घेता हळूच विचारलं, "मास्तर, तुमालाबी हाच व्हता ना? कसं बरं झालं?" पुढच्या थांब्याच्या आत सांगून होण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहून काढलं.

पान न खाणाऱ्याचा रुमाल

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत मला खोकला लागला. कंडक्टरचा खोकला कोणी मनावर घेत नाही. दिवसभर धूळ, डिझेलचा धूर आणि "पुढे सरका, पुढे सरका" ही आरडाओरड. माझी बायको सुमन अडुळशाचा काढा द्यायची आणि मी तोंड वाकडं करून प्यायचो. दोन महिने असे गेले. विजार कमरेवरून घसरायला लागली तेव्हा मी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं आणि विषय संपवला.

खालापूरच्या थांब्याला गाडी थांबली. "चला, खालापूरवाले उतरून घ्या" म्हणून ओरडलो आणि जी उबळ आली ती थांबेना. रुमाल तोंडावरून काढला तर लाल. पहिला विचार मनात आला, पान खाल्लं होतं वाटतं. मग आठवलं की मी पान खातच नाही. पहिल्या बाकावर एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. तिने रुमाल बघितला आणि पदर पोराच्या नाकावर धरला. मला तिचा राग आला नाही. मी दोरी ओढली, घंटी दिली आणि फेरी पुरी केली.

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "जिथं काळं दिसायला पाहिजे तिथं पांढरं दिसतंय," ते म्हणाले. "घरात कोणाला होता?"

"आईला. मी सात वर्षांचा होतो."

"तेव्हा औषधं नव्हती. आता आहेत. दीड वर्ष घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही."

मी एकच विचारलं, "मुलीला जवळ घेऊ का?" माझी मीना तेव्हा तीन वर्षांची होती. संध्याकाळी घरी आलो की ती माझी तिकिटांची पेटी गळ्यात अडकवायची आणि साऱ्या घराला तिकिटं द्यायची.

"थुंकी साफ येईपर्यंत नाही," डॉक्टर म्हणाले.

कर्जतजवळ भिसेगावला घरी आलो. सुमन तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, ती सुपाकडे बघतच राहिली. माझे वडील, बाबा, कोपऱ्यात चपला शिवत बसले होते. रेल्वेत गँगमन होते ते, निवृत्त झालेले. त्यांनी दाभण खाली ठेवलं आणि विचारलं, "रगत पडलं काय?"

"हो."

बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मीनाला खांद्यावर घेतलं आणि तिच्या आजोळी कशेळ्याला नेऊन सोडलं. मला विचारलंही नाही. मीनाने वळून हात हलवला, ती जत्रेला निघाल्यासारखी खूश होती.

खिशातले बोल्ट

मग पाच आठवडे दवाखान्यात. सकाळी सहाला सुई. बसायची जागा दुखायची, आणि सुई टोचून तासभर कानात शिट्टी वाजायची. दर सोमवारी वजन. उशाशी झाकणाची डबी, थुंकायचं ते तिच्यातच.

शेजारच्या खाटेवर चौक गावचा एक म्हातारा लोहार होता. वजनाच्या दिवशी तो लेंग्याच्या खिशात दोन मोठे बोल्ट टाकायचा आणि गंभीर तोंडाने काट्यावर चढायचा. डॉक्टर खूश, लोहार त्याहून खूश. वजन वाढलं म्हणून त्याला लवकर घरी सोडलं. आठ दिवसांत तो परत आला, या वेळी बैलगाडीत आडवा. मला म्हणाला, "काट्याला फसिवलं रं, पन रोग काय काट्यावर बसला नव्हता." एवढं एक वाक्य तुम्ही लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं फुकट गेलं नाही.

माझी थुंकी एकदा साफ आली. डॉक्टर म्हणाले, अजून दोनदा साफ येऊ दे, वजन सहा किलो वाढू दे, मग मुलीला आणा आणि ड्युटीवर जायचं सर्टिफिकेटही घेऊन जा. म्हणजे मीना आणि माझ्यामध्ये आता सहा किलो होते.

लाल टिपका

घरी आलो तर माझं ताट वेगळं केलेलं होतं. आमच्याकडे वायलं म्हणतात. वायलं ताट, वायला पेला, खिळ्याला वेगळे टांगलेले. चुकून दुसऱ्या ताटांत जाऊ नये म्हणून बाबांनी ताटाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा टिपका दिला होता. घरातली सगळी पानं सुमन वाढायची, पण माझं ताट बाबा स्वतः काढायचे, स्वतः ओट्यावर आणून ठेवायचे आणि मी जेवलो की स्वतः राखेने घासायचे.

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की आता एवढं करायची गरज नाही, भांडी गरम पाण्यातून काढली की झालं. मी बाबांना ते सांगितलं. बाबा म्हणाले, "डाक्टर त्येच्या घरी."

मला हे ताट का टोचलं ते सांगतो. आम्ही बौद्ध. छप्पन सालाच्या आधी बाबांच्या तरुणपणी एका स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असायचे. आपला आपण काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, आपला आपण धुऊन ठेवायचा. बाबांनी एकदाच तो कप हातात घेतला आणि चहा न पिता परत टांगला. त्यानंतर पुढची वीस वर्षं ते बाहेर चहा प्यायले नाहीत. ही गोष्ट मी लहानपणापासून त्यांच्याच तोंडून शंभर वेळा ऐकलेली. आणि आता तेच बाबा खिळ्याला माझा पेला टांगत होते.

ओट्यावर एकट्याने जेवताना घास घशाखाली उतरेना. त्यात गोळ्यांनी पोट ढवळायचं. सुमन अंडी उकडायची, पायाचं सूप करायची, भाकरीवर तूप घालायची. मसाल्याचा वास आला तरी मला उमळायचं. मोकळ्या पोटी गोळी घेतली की अर्ध्या तासात बाहेर. मग मी एक मूर्खपणा केला, जो कबूल करायला आजही लाज वाटते. बारा दिवस मी गोळ्या मोरीत टाकल्या. सुमनला मोरीच्या जाळीत एक अर्धवट विरघळलेली सापडली. ती ओरडली नाही. गोळी तळहातावर घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मीनाला काय सांगू ते आताच सांगून ठेवा." त्या दिवसापासून टाकली नाही, पण पोटात ठरत नव्हती ती नव्हतीच.

बायकोला माय म्हणणारा

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आमच्या घरापासून दोन आळ्या सोडून एका घराच्या ओटीवर नवीन पत्र्याची पाटी लागली होती, 'सायगाव लंच होम'. घरवाला रसायनीच्या एका कारखान्यात फिटर. मद्रासकडचा, नाव सेल्वम. आजारी पडण्याआधी तो माझ्या गाडीला असायचा. कुठून आलात विचारलं तर म्हणाला, "सायगाव." मी कंडक्टर माणूस, विचारलं, "कुठलं सायगाव? येवल्याकडचं की साताऱ्याकडचं?" तो हसला आणि खिडकीबाहेर खूप लांब बोट दाखवलं. मी येवल्याकडचं धरून चाललो.

ते सायगाव नव्हतं, सायगॉन होतं, हे मला पुढे कळलं. व्हिएतनाममधलं. रेडिओवरच्या बातम्यांत लढाईशिवाय त्या देशाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. सेल्वमचे वाडवडील मद्रासकडचे, पण त्याचा जन्मच तिकडचा. बायको तिथलीच. लढाई संपली आणि हे दोघं होतं नव्हतं ते सोडून इकडे आले. पण पाटी रंगवणाऱ्या पेंटरनेही माझ्यासारखंच ऐकलं होतं, त्यामुळे अख्खं भिसेगाव बाईला 'सायगाववाली' म्हणायचं. येवल्याचं झणझणीत मिळेल म्हणून सुरुवातीला माणसं गेली आणि वाडग्यातलं पांढरट पाणी बघून परत आली.

दुसरा घोटाळा तिच्या नावाचा. तिचं नाव माय. सेल्वम कामावरून आला की आळीच्या तोंडापासून हाक द्यायचा, "माय! ओ माय!" सुमन मला म्हणाली, "अवो, तो मद्राशी बायकोला माय म्हणतोय, ऐकलंत का? पार बिघडलं बाई जग."

मी त्या ओटीसमोरून चाललो होतो. चुलीवर आख्खा कांदा आणि आलं भाजल्याचा वास आला, त्यात दालचिनी आणि चक्रीफूल. मी थांबलो. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. इतकं बरं वाटलं की मी तिथेच उभा राहून दोनदा आवंढा गिळून बघितला.

"बैठो," बाई आतून म्हणाली. लहानखुरी, केस मागे घट्ट बांधलेले, अंगात पांढरा सदरा आणि काळी सैल विजार. हिंदीचे पाचसहा शब्द तिला येत होते आणि तेवढ्यावर तिची खानावळ चालायची. बैठो, गरम, खाओ, अच्छा, लाओ.

तिने मोठं वाडगं समोर ठेवलं. तांदळाच्या शेवया, आपल्या चकलीच्या सोऱ्यासारख्या साच्यातून काढलेल्या. वरून कोंबडीच्या हाडांचं नितळ गरम पाणी. बाजूला ताटलीत पुदिना, कोथिंबीर, कांद्याची पात, लिंबाची फोड, हिरवी मिरची. ज्याला जे हवं ते त्याने घालायचं. आणि एका बाटलीत सुकटीचं खारं पाणी, त्याचा वास म्हणजे पेणच्या बाजाराची आठवण. मी लिंबू पिळलं, पाला चुरून टाकला. तेल नाही, तिखट नाही, मसाला नाही. पहिला घोट घेतला, तो खाली गेला आणि खालीच राहिला. मी सगळं संपवलं. खिशातली गोळी काढून त्याच पाण्याबरोबर घेतली.

बाईने हात पुढे केला, "लाओ." मी वाडगं दिलं. तिने आत डोकावून बघितलं, रिकामं. "अच्छा," ती म्हणाली. मला कोणी शाळेत पहिला नंबर दिल्यासारखं वाटलं.

रोज दुपारी जायला लागलो. गोळी पोटात राहायला लागली. तीन आठवड्यांत पट्ट्याचं खिळ्याने पाडलेलं भोक मी सोडलं आणि मूळच्या भोकावर आलो. मला काय झालंय ते मात्र मी तिला सांगितलं नाही. सांगायचं मनात यायचं, पण ओट्यावरचं ताट डोळ्यांसमोर यायचं आणि मी गप्प बसायचो. हे चुकीचं होतं. तिला कळायचा हक्क होता आणि मी तो भूक लागते म्हणून दाबला.

एकदा बाबा मला शोधत तिथे आले. उंबऱ्यातूनच त्यांनी आत नजर टाकली. फळीवर एका बाईची पांढरी मूर्ती होती, पुढे उदबत्ती आणि एक केळं. बाबा आत पाऊल टाकेनात. घरी जाताना म्हणाले, "छप्पन साली घरातलं सगलं देव मी ह्या हातानं उल्हास नदीत सोडलं. आन तू देवीच्या म्होरं बसून परसाद खातोस?"

"परसाद नाही बाबा, सूप आहे."

"उदबत्ती लावल्याली सुपाला?"

मी हसलो, ते चिडले.

लाओ

एका दुपारी रेल्वेतला एक निवृत्त गार्ड तिथे जेवायला आला. आम्ही चारजण बाकावर बसलो होतो. त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "अरे, तू टीबीच्या दवाखान्यात होतास ना? माझा मेव्हणा होता तिथे." मग बाईकडे वळून मोठ्याने, "बाई, इसको टीबी है! टीबी!"

बाकीच्या तिघांनी वाडगी खाली ठेवली. माय चुलीपाशी उभी होती. ती माझ्याजवळ आली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, चेहरा अगदी उतरलेला. आणि म्हणाली, "लाओ?"

मी वाडगं तिच्या हातात दिलं. अजून अर्धं भरलेलं होतं. उठलो, चपला पायात घातल्या न घातल्या आणि निघालो. तिने मागून काहीतरी म्हटलं. मी वळलो नाही. मला तिचा राग आला नाही, त्या बसमधल्या बाईचाही आला नव्हता. पण रस्त्याने चालताना डोळे भरून येत होते आणि समोरचं दिसत नव्हतं, हे खरं आहे.

तो सगळा राग निघाला बाबांवर. संध्याकाळी त्यांनी लाल टिपक्याचं ताट ओट्यावर आणून ठेवलं. मी ते पायाने नाही, पण हाताने ढकललं. भात सांडला.

"काय झालं रं?"

"त्या हॉटेलवाल्यानं तुमचा कप बाहेर टांगला, तुम्ही माझं ताट बाहेर टांगलंत. फरक एवढाच, त्यानं तुम्हाला जन्म दिला नव्हता."

बाबांनी खाली बसून सांडलेला भात एका हाताने गोळा केला, ताट घासलं, खिळ्याला लावलं आणि न जेवता बाहेर पडले. सुमन मला म्हणाली, "पुढच्या खेपेला डॉक्टरांना जीभही दाखवा. तिलाच जास्त झालंय."

सकाळी बाबा माझ्या खाटेशी येऊन बसले. माझ्याकडे न बघता, दाराकडे तोंड करून बोलले.

"तुझ्या आयला मी वायलं ताट नाय दिलं. सगली सांगत व्हती, दे. मी म्हनलं, मी त्या हॉटेलवाल्यावानी नाय. ती मरस्तवर एका ताटात जेवलो आमी."

"चांगलंच केलंत की."

"तुझी धाकली भन तिच्या ताटात जेवायची. तिच्या मांडीवर बसून. आय गेली, सा म्हयन्यांत ती गेली. तुला सांगितलं ताप आला व्हता." त्यांनी माझ्या चादरीचं टोक सरळ केलं. "ताप नव्हता."

मला बहीण अंधुक आठवते. बाकावर चढून ती मला हाक मारायची. मी बाबांच्या पायाला हात लावला. ते उठून गेले. संध्याकाळी जे बोललो होतो ते मला परत घेता येत नव्हतं, आणि मीनाला त्यांनी खांद्यावर घालून का नेलं ते आता कळत होतं.

सगळ्यांची

चार दिवस मी मायच्या आळीला गेलो नाही. घरचं खाल्लेलं पुन्हा बाहेर येऊ लागलं. तपासणीला तीन आठवडे राहिले होते. मला लोहाराचे बोल्ट आठवले. आमच्या दारामागे एक जुनं कुलूप पडलेलं होतं, ते हातात घेऊन त्याचं वजन अजमावून पाहिलं. मग स्वतःचीच लाज वाटून परत ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सेल्वम घरी आला, हातात डबा. बाबा कोपऱ्यात होते. सेल्वम ओट्यावरूनच सुरू झाला, "कंडक्टरसाब, क्या किया आपने? माय रोती है. आप कटोरा हाथ में दिया और भाग गया."

"तिनेच मागितलं. लाओ म्हणाली."

सेल्वम कपाळावर हात मारून इतका हसला की शेजारच्या बायका दारात आल्या. "अरे साब, लाओ मतलब उसकी भाषा में टीबी! छाती की बीमारी! उसके बाप को था लाओ. वो पूछती थी, लाओ है क्या? और आपने कटोरा दे दिया!"

सुमन तोंडाला पदर लावून हसायला लागली. मलाही हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. बाबांना हिंदी अर्धीच कळायची, मी त्यांना मराठीत सांगितलं.

"आणि बाकीची गिऱ्हाईकं?" मी विचारलं.

"दो गया, एक वापस आया." सेल्वम खाली बसला. "माय ने सबको दिखाया. पीछे बडा पातेला है ना? उसमें सबका कटोरा उबालती है. रोज. पहले दिन से."

ते पातेलं मी रोज बघत होतो. मला वाटायचं सूपच आहे.

बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "सगल्यांची उकळते? आजाऱ्याचं वायलं नाय काढत?"

मी सेल्वमला विचारलं. तो म्हणाला, "अलग किसका निकालेगा? जो बताता है उसका. जो नहीं बताता, उसका क्या करेगा?"

बाबांनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा मराठीत करून घेतलं. मग विचारलं, "आन ती फळीवरची देवी कोन?"

"देवी नहीं बाबा. क्वान आम. दुखी आदमी का सुनती है. मैं मुरुगनवाला, माय बुद्धवाली."

"बुद्धाची?" बाबा ताडकन सरळ बसले. माझ्याकडे वळले. "येवल्याला बुद्धाची मानसं हायत, आन तू मला आता सांगतोस?"

तपासणी

दुसऱ्या दिवशी मी मायकडे गेलो. बाकावर बसण्याआधी मीच छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "लाओ." ती म्हणाली, "बैठो." त्यानंतर मी जिथे जिथे जेवलो तिथे आधी सांगितलं. काही ठिकाणी उठवलं गेलो. सांगितल्यावर उठवलं जाणं हे लपवून पकडलं जाण्यापेक्षा बरं असतं, दोन्ही करून बघितल्यावर बोलतोय.

घरी परसात तीन दगडांवर सगळ्यात मोठं पातेलं चढलं. सुमन माझ्या वडिलांना मामा म्हणते. ती म्हणाली, "मामा, एवढं पाणी कशाला?"

"सगल्यांची," बाबा म्हणाले आणि घरातली यच्चयावत ताटं, पेले, वाट्या त्यात टाकल्या. खिळा रिकामा झाला. त्या दिवसापासून मी आत, सगळ्यांबरोबर जेवायला बसलो. बाबांशी मी माफीचं काही बोललो नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, पातेलं चढवायची पडली.

तपासणीला थुंकी साफ आली, पुढच्या खेपेला पुन्हा साफ आली. वजन पाच किलो वाढलं होतं, एक कमी. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "खिसे रिकामे आहेत ना?" त्यांनी विचारलं. मी खिसे उलटे करून दाखवले. "आणा मुलीला," ते म्हणाले.

बाबाच गेले कशेळ्याला. मीना त्यांच्या खांद्यावरून उतरली आणि माझ्याकडे परक्या माणसासारखी बघत दाराला चिकटून उभी राहिली. सात महिने फार मोठे असतात तेवढ्या पोराला. मी तिकिटांची पेटी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती गळ्यात अडकवली, थोडा विचार केला आणि विचारलं, "कुठं जायचं?"

मी म्हणालो, "इथंच."

दुपारी जेवायला बसलो. सुमनने कोंबडीचा रस्सा केला होता, माझ्यासाठी तिखट कमी. मीना उठून माझ्या शेजारी आली, मांडीवर बसली आणि सरळ माझ्या ताटात हात घातला. समोर बाबांचा घास हातात तसाच थांबला. मी बघितलं आणि नकळत ताट मागे ओढलं.

"ऱ्हाऊ दे रं," बाबा म्हणाले. "उकळलंय."

मीनाने माझ्या ताटातला भात खाल्ला. बाबा तिच्याकडे बघत होते, ती दुसरा घास घेईपर्यंत. मग त्यांनी उरलेला रस्सा प्यायला स्वतःचं ताट दोन्ही हातांनी तोंडाशी उचललं. ताटाच्या बुडाला लाल टिपका होता.

मी सुमनकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. पातेल्यातून काढलं की मामा ते शोधून स्वतःला घेतात."

दोन महिने मी त्यांच्यासमोर बसून जेवत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. बाबांनी ताट खाली ठेवलं, मिशा पुसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय बघतोस? खोलगट हाय, रस्सा भायेर जात नाय. घरातलं चांगलं ताट उगाच तुला दिलं व्हतं."